टिटवीचं ॲव्हरेज

आमच्या फडताळातली भांडी रोज सकाळी आपोआप वाजायची. भूतबीत काही नव्हतं. धानोऱ्याच्या कारखान्याची भिंत आणि आमच्या घराची मागची भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक गाडीवाट होती, आणि कारखान्यात तयार झालेल्या नव्या तीनचाकी गाड्या पहिल्यांदा चालू करायच्या त्या याच वाटेवर. एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. पहिल्या झटक्याला ते खोकायचं, दुसऱ्याला शिंकायचं आणि तिसऱ्याला असं थरथरत सुटायचं की माय तव्यावरची भाकरी तशीच सोडून आधी लोणच्याची बरणी धरायला धावायची. कंपनीने त्या गाडीला मोठं झोकदार नाव दिलं होतं, पत्र्यावर तिरक्या अक्षरांत रंगवलेलं. पण चढ लागला की ती जो एक सूर काढायची, त्यावरून अख्ख्या तालुक्याने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं, आणि तेच चाललं. परवा नंदुरबारला स्टेशनवरून नातीला घेऊन बॅटरीच्या रिक्षात बसले, तर गाडी सुटली कधी तेच कळलं नाही. नात म्हणाली, "आजी, किती शांत!" मी हो म्हटलं खरं, पण माझा हात उगाचच बरणी धरायला निघाल्यासारखा झाला होता.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील सुपडू, त्या कारखान्यात नव्या गाड्या चालवून बघायचं काम करायचे. गाडी बाहेर काढायची, रस्त्यावर एक फेरी मारायची, ब्रेक, गिअर, आवाज सगळं तपासायचं आणि परत आणून लावायची. तपासणीच्या गाडीत कुणाला बसवायचं नाही असा कंपनीचा नियम होता. आबांनी आयुष्यात दारू प्यायली नाही, कुणाला शिवी दिली नाही, पण हा एक नियम मात्र त्यांनी कधी पाळला नाही. फेरीला जाताना गाडी रिकामी असायची आणि येताना त्यात दोन म्हाताऱ्या, एक मास्तर आणि कुणाची तरी खताची गोणी असायची. साहेब ओरडले की घरी येऊन जेवताना म्हणायचे, "हात करा त्यानी. मन्ही गाडी खाली. मी काय सांगू त्याले?" जिभाऊ, म्हणजे आबांचे थोरले भाऊ, शेती बघायचे. त्यांचं असं मत होतं की सुपडूला कारखान्याऐवजी एसटीत घालायला हवं होतं.

घर एकत्र होतं. चूल एक, वावर एक, भांडणंही सगळ्यांची मिळून. संध्याकाळी आबा आले की डिझेलचा वास आधी यायचा आणि आबा मागून. त्यांच्या कपड्यांना वेगळी खुंटी होती, आणि ती चुलीपासून लांब होती. मग ओट्यावर बसून कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, उडदाची डाळ, वर कच्च्या तेलाची धार आणि खलबत्त्यात कुटलेली मिरची. गुरुवारी वाटलेल्या डाळीचे वाफवलेले फुनके आणि कढी असायची, आणि त्या दिवशी आम्ही मुलं कुणी बोलावण्याची वाट बघत नसू. आबा पहिला घास घेण्याआधी मला विचारायचे, "सुमन, आज काय शिकनी?" मी अकरावीला, सायन्सला. जे शिकले असेन ते सांगायचं, समजलं नसेल तर तसंही सांगायचं. त्यांना त्यातलं किती कळायचं देव जाणे. पण माझं बोलणं संपेपर्यंत घास हातातच असायचा. एवढ्या लक्षपूर्वक माझं बोलणं पुढे फार कमी लोकांनी ऐकलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक नवा शब्द आला. ॲव्हरेज. आधी आबांच्या बोलण्यात आला, मग जिभाऊंच्या, आणि मग ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या. माय एक दिवस वैतागून म्हणाली, "आते हाई ॲव्हरेज काय रोग शे?"

"एक लिटरमा गाडी कितली पयस, त्यानं नाव ॲव्हरेज," आबा म्हणाले.

"मंग मन्हं काढा. एक भाकरवर दिनभर पयस मी."

सगळे हसले. आबाही हसले, पण त्यांनी दुसरी भाकरी घेतली नाही. गोष्ट अशी होती, की कंपनीकडे तक्रारी गेल्या होत्या. धानोऱ्याहून आलेल्या टिटव्या डिझेल फार पितात. तीच गाडी कंपनीच्या दुसऱ्या मोठ्या कारखान्यातही बनायची, तिकडच्या गाडीची तक्रार नव्हती. त्यात दुसऱ्या एका कंपनीची नवी तीनचाकी बाजारात आली होती आणि 'थेंबाथेंबाची बचत' अशी तिची पाटी नंदुरबारच्या चौकात लागली होती. वरच्या साहेबांचा हिशेब सरळ होता. धानोऱ्याची जोडणी कच्ची असेल, तर धानोरा बंद करायचं आणि सगळं काम मोठ्या कारखान्यात न्यायचं. कामगारांनी तिकडे यावं, नाहीतर घरी बसावं.

घरी बसणं आबांना जमणारं नव्हतं. आणि मायला वावर, घर, जिभाऊंचं म्हातारपण सोडून परमुलखात जाणं जमणारं नव्हतं. तिने ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा त्यावर बोलली नाही. म्हणजे आबा एकटे जाणार होते, वर्षातून दोनदा येणार होते, आणि ओट्यावरचा तो प्रश्न मला कुणी विचारणार नव्हतं. मला ते नको होतं. मी तेव्हा मोठी झाल्याचा फार आव आणत असे, पण देवापुढे हात जोडले की मी एकच मागायची. आबा घरी राहू देत.

श्रावण आला आणि कानबाई जवळ आली. खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. श्रावणातल्या एका रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिचं विसर्जन होतं. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. रोटासाठी गहू मोजतात ते घरातल्या पुरुषांच्या नावाने, प्रत्येकाची सव्वा मूठ. तेवढ्याच गव्हाचं जे काही होईल ते कुळातल्या माणसांनीच खायचं आणि संपवायचं, बाहेरच्याला कणभरही द्यायचं नाही. आमच्याकडे तर लग्न झालेल्या लेकीलाही ते चालत नाही, कारण ती दुसऱ्या कुळाची झाली. काकू दरवर्षी रोट वाढताना मला चिडवायची, "खाई ले वं पोट भरीसन. लगीन व्हयनं का बंद!"

त्या वर्षी जिभाऊ सूप पुढ्यात घेऊन गहू मोजायला बसले. "हाई मन्ही. हाई सुपडूनी." आणि माय, जी जिभाऊंसमोर कधी पदर मागे सरकू द्यायची नाही आणि त्यांच्याशी थेट बोलायची नाही, ती दाराआडून बोलली.

"येता सालले हाई मूठ आठेच ऱ्हाई ना?"

जिभाऊंचा हात गव्हातच थांबला. "कथाबी गया तरी मूठ कोठे जास? मूठ ऱ्हाईच."

"मूठ ऱ्हाईसन काय करसू?" माय म्हणाली. "खावाले माणूस जोयजे ना."

जिभाऊंनी पुढची मूठ घेतली, माझ्या धाकट्या भावाची, आणि मी तिथून उठून गोठ्यात गेले.

कंपनीचे मोघेसाहेब आले ते नेमके कानबाईच्या रविवारी. उंच, सडसडीत, खिशात दोन रुमाल, एक हाताला आणि एक चष्म्याला. त्यांच्याबरोबर शिरीष नावाचा तरुण मदतनीस होता. गावात हॉटेल नाही, म्हणून आबा त्यांना जेवायला आणि मुक्कामाला घरी घेऊन आले. आता बघा, घरात कानबाई बसलेली, पुरणाचा आणि तुपाचा वास अंगणापर्यंत आलेला, आणि पाहुण्याला त्यातलं काहीच वाढता येत नाही. मोघेसाहेब भाबडेपणाने म्हणाले, "वास फार सुंदर येतोय हो." मायचा चेहरा असा झाला की जणू तिची चोरीच पकडली. खानदेशातल्या बाईला पाहुण्याला चांगलंचुंगलं वाढता न येणं म्हणजे काय, ते खानदेशातल्या बाईलाच कळेल. तिने पडवीत वेगळा स्टोव्ह पेटवला आणि भरपाई म्हणून शेवभाजीत जीव ओतला. म्हणजे मिरची ओतली. शिरीष म्हणाला, "मला तिखट चालतं." मोघेसाहेबांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायलं आणि दही मागितलं. शिरीषने तीन वेळा भाजी घेतली.

जेवताना मोघेसाहेबांनी जिभाऊंना चाचणी समजावून सांगितली. गाडीची टाकी बंद करायची. हँडलजवळ काचेचा एक नळा लावायचा, त्यात मोजून डिझेल. मागे सहा माणसांच्या आणि त्यांच्या सामानाच्या वजनाइतकी वाळूची पोती. कारखान्याच्या फाटकातून निघायचं, नंदुरबारवरून तापीच्या पुलापर्यंत, म्हणजे प्रकाशा गावापर्यंत जायचं आणि परत फाटकात यायचं. फाटकात पोहोचेपर्यंत डिझेल पुरलं तर गाडी चांगली. "वाटेत संपलं," साहेब म्हणाले, "तर मला तसं कळवावं लागेल." ते दरडावून बोलले नाहीत, म्हणून आम्हाला जास्त भीती वाटली.

सोमवारी सकाळी कानबाईला निरोप देऊन आम्ही नदीवरून परतलो, तर शिरीष अंथरुणातून उठायला तयार नव्हता. म्हणजे सारखा उठत होता, पण गाडीत बसण्यासारखा नव्हता. माय मटकन पायरीवर बसली. साहेबांचा माणूस आपण आजारी पाडला, आता चाचणी गेली, कारखाना गेला, असं तिने एका दमात म्हणून टाकलं. साहेबांना फक्त नळ्यावरच्या खुणा वाचून सांगणारं कुणीतरी हवं होतं. आबा मला पुढे करत म्हणाले, "मन्ही आंडेर शे साहेब. अकरावीले. सायन्सले." तो शेवटचा शब्द त्यांनी असा काही उच्चारला की साहेबांना नाही म्हणता आलं नाही. कारखान्याच्या काट्यावर साहेबांनी स्वतःचं आणि माझं वजन केलं आणि तेवढी पोती गाडीतून कमी केली. मी आबांच्या शेजारी नळा सांभाळत बसले. साहेब मागे, वाळूच्या पोत्यांमध्ये, मांडीवर रुमाल पसरून.

मोघेसाहेबांनी सगळ्याचा विचार केला होता, फक्त दिवसाचा नव्हता केला. श्रावणी सोमवार, त्यात कानबाईचं विसर्जन. गावोगावची माणसं कानबाईसाठी आपापल्या मूळ घरी आलेली, ती आता परत निघालेली. उरलेली सगळी प्रकाशाला महादेवाच्या दर्शनाला. रस्त्याच्या कडेने नुसते हात. गाव संपायच्या आत पहिला हात झाला आणि आबांनी ब्रेक दाबला.

"का थांबलात?" मागून साहेब.

"हात करा साहेब त्यानी."

"अहो, ही चाचणी आहे!"

"हो हो," म्हणून आबांनी गाडी काढली. पुढच्या हाताला पुन्हा थांबले. माणसाला "आज नही रे भाऊ" असं सांगण्यासाठी थांबले, पण थांबले. नंदुरबार ओलांडेपर्यंत असं इतक्यांदा झालं की मी नळ्याकडे बघायचंच सोडून दिलं. प्रत्येक थांब्यानंतर टिटवी आपला सूर काढत पहिल्या गिअरात उचलायची आणि डिझेल खुणेवरून खाली सरकायचं. साहेब म्हणाले, "सुपडूभाऊ, तुमची भाकरी या नळ्यात आहे. कळतंय का?" आबा कळवळून म्हणाले, "कळतंय साहेब. पण गाडीत वाळू बसलीय आणि म्हातारी माणसं रस्त्यावर उभी आहेत. मी उद्या त्यांना तोंड कसं दाखवू?"

कोळद्याच्या फाट्यावर एक म्हातारं जोडपं, हातात पाण्याच्या घागरी, उन्हात उभं होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, सकाळी माझ्या वजनाची पोती काढली ना? मग यांच्याही वजनाची काढा. वजन तेच."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उतरवतात. पण ते स्वतःच खाली उतरले आणि एका पोत्याला हात घालत म्हणाले, "ठेवायची कुठे?"

फाट्यावरच्या दुकानात पोती ठेवली, माणसं बसवली. त्यांना बघून आणखी आली. एक पोतं खाली, एक माणूस वर, असं करत वाळू संपली आणि आम्ही भरल्या गाडीने, गप्पाटप्पा करत तापीच्या पुलावर पोहोचलो. तिथे सगळे "भलं व्हवो बाबा" म्हणत उतरले आणि देवळाकडे चालू लागले. टिटवी रिकामी. पोती कोळद्याला. मोघेसाहेब पुलाच्या तोंडाशी उभे, आणि त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "वजन!" ते म्हणाले. "वजन गेलं की!"

आणि मग त्यांनी जे केलं ते आठवून मी आजही एकटी हसते. त्यांनी नळ्यात निम्म्या खुणेपर्यंत डिझेल मोजून भरलं आणि सांगितलं, "येताना झालं ते मी मोजत नाही. अर्ध्या वाटेला अर्धं डिझेल. इथून जे बसतील ते थेट फाटकापर्यंत. मध्ये कुणी चढणार नाही, कुणी उतरणार नाही. तिथे प्रत्येकाचं वजन करायचं." आणि कडक इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस, एक रुमाल कपाळाला आणि दुसरा हवेत फडकवत, पुलावर ओरडायला लागला, "धानोरा! धानोरा! चला, बसा, भाडं नाही!"

भाडं नाही म्हटल्यावर काय होणार! आधी रेवामावशी चढली. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याघरची, ऐसपैस बाई, बरोबर केळीचा अख्खा घड. तिला खरं तर कोळद्याला लेकीकडे जायचं होतं. मग तोरणमाळकडून आलेलं एक जोडपं, चारोळीचं गाठोडं आणि एक शेळी. मग दर्शनाहून परतणाऱ्या पाच बायका, त्यांची पोरं, एक भजनी बुवा आणि त्यांचा मृदंग. साहेब मोजत होते, पण शेळीपाशी त्यांचा हिशेब चुकला आणि मग त्यांनी नाद सोडला. त्यांना स्वतःला बसायला जागा उरली नव्हती. रेवामावशीने केळीचा घड मांडीवर घेऊन त्यांना आपल्या बाजूला दाबून बसवलं.

गाडी सुटली. मी सगळ्यांना सांगून टाकलं की नळ्यातलं डिझेल फाटकाआधी संपलं तर कारखाना बंद होणार आणि माझे आबा दूर जाणार. रेवामावशी म्हणाली, "मंग माले उतारी द्या. मीच सगळासमा भारी शे."

"नाही!" साहेब किंचाळले. "कुणी उतरायचं नाही!"

आणि मग रस्त्याच्या कडेचे हात सुरू झाले. आबांचा पाय ब्रेककडे जायचा, मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवायची, पाय परत यायचा. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. मग मागच्या बायकांनीच ते काम अंगावर घेतलं. कुणी हात केला की सगळ्या मिळून बाहेर डोकं काढून ओरडायच्या, "परीक्षा शे! परीक्षा शे! थांबाव नही!" रस्त्यावरची माणसं आ वासून बघत राहायची. कोळद्याच्या फाट्यावर रेवामावशीची लेक आईची वाट बघत उभी होती. गाडी तिच्यासमोरून तशीच पुढे गेली, तेव्हा मावशीने घडातून एक फणी तोडून तिच्या दिशेने भिरकावली, "वं पोरी, धरी ले! मी सांजले येस!" लेकीने ती झेलली. गाडीत टाळ्या पडल्या, बुवांनी मृदंगावर थाप मारली आणि मोघेसाहेबांनी, मी शपथेवर सांगते, टाळी वाजवली.

मी इतकी आनंदात होते की भीती विसरले होते. नंदुरबार मागे पडलं तेव्हा नळ्याकडे बघितलं, तर डिझेल शेवटच्या खुणेला टेकलं होतं. धानोऱ्याच्या अलीकडे जो लहानसा चढ आहे तिथे टिटवीने शेवटचा सूर काढला. चढाच्या माथ्यावरून फाटक दिसलं, फाटकाशी उभे असलेले कामगार दिसले, जिभाऊ दिसले. उतारावर गाडी गडगडत आली, खोकली आणि फाटकापासून हाकेच्या अंतरावर निंबाखाली थांबली. नळा कोरडा होता. आबांनी हँडल सोडलं नाही. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागले, आणि मागे शेळीसुद्धा गप्प होती.

"उतरा सगळे," साहेब म्हणाले. "पण घरी जायचं नाही. काट्यावर चला."

असं वजन पुन्हा कुठे झालं नसेल. कारखान्याच्या काट्यावर एकेक जण चढत होता आणि कामगार भोवती कडं करून उभे होते. पाचही बायका आधी लाजल्या, मग एकमेकींना ढकलू लागल्या. बुवा मृदंगासकट चढले. शेळीला तिच्या मालकाने उचलून धरलं. रेवामावशी उरलेला केळीचा घड घेऊन शेवटी चढली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बराबर लिखा साहेब, कमी लिखू नका," आणि काट्याचा दांडा वर गेला तो गेलाच. साहेबांनी बेरीज केली, पुन्हा केली. मग आकडा माझ्यापुढे धरला, "तू सायन्सला ना? तूही कर." वाळूच्या पोत्यांच्या जवळजवळ दुप्पट वजन होतं.

साहेबांनी चष्मा पुसला. मग सगळ्यांना विचारलं, "तुम्ही रोज असेच जाता? एवढे जण?"

"नही नही," रेवामावशी म्हणाली. "आज तं मोकळं बसनूत आम्ही. बाकी दिन मांगे दोन जण लटकेल ऱ्हातस."

मोघेसाहेब हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांना काट्याच्याच कडेवर बसावं लागलं. गाड्या कच्च्या नव्हत्या. सहाजणांच्या गाडीत आम्ही खानदेशातली माणसं बारा-चौदा जण भरत होतो, दर फर्लांगाला थांबत होतो, आणि मग कंपनीला तक्रार करत होतो की डिझेल फार पिते. मोठ्या कारखान्याच्या गाड्या जिकडे विकल्या जात तिकडे बिचारे सहाच बसत असावेत.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, रस्त्यावर हात यायच्या आधी, साहेबांनी नियमाप्रमाणे वाळूची पोती भरून तीच फेरी पुन्हा केली. गाडी फाटकातून आत आली तेव्हा नळ्याच्या तळाशी डिझेल हलताना सगळ्यांनी पाहिलं. मायने त्या दिवशी शिरीषसाठी मुगाची खिचडी केली, मिरची न घालता, आणि ती करताना ती गाणं म्हणत होती. गणपतीच्या सुमाराला वरून कळलं की धानोरा चालू राहणार. इतकंच नाही, तर इथून पुढच्या टिटव्यांना स्प्रिंगचे जास्त जाड पाटे आणि मागे उभं राहायला एक मजबूत पायरी मिळणार होती. तशी साहेबांनीच शिफारस केली होती. आबांनी ती बातमी आणली तेव्हा मी त्यांना विचारलं, "आबा, आज काय शिकनात?" आणि ते मोठ्याने हसले.

पुढच्या श्रावणात जिभाऊ सूप घेऊन बसले. "हाई मन्ही. हाई सुपडूनी." सगळ्यांच्या झाल्या आणि ते सूप सरकवणार, इतक्यात दाराआडून माय बोलली, "आखो एक."

"कोनी?"

"मोघे साहेबनी."

जिभाऊ दचकलेच. "रोट कुळना लोकेसनाच ऱ्हास."

"ज्यानी घरनी मूठ घरमा ठेवी," माय म्हणाली, "तो कुळनाच."

जिभाऊंनी मूठ घेतली, वर पाव घातली आणि सूप उचललं. आबांनी साहेबांना निरोप धाडला आणि साहेब खरंच आले. सगळ्या भाऊबंदांच्या पंक्तीत, जिभाऊंच्या शेजारी बसून त्यांनी रोट खाल्ला आणि म्हणाले, "गेल्या वर्षी वास आला होता तो हाच." माय आत जाऊन रडली. मी पाहिलं.

कारखाना पुढे बरीच वर्षं चालला आणि आबा निवृत्त झाल्यानंतर कधीतरी बंद झाला. त्या जागी आता कापसाचं गोदाम आहे. आबा गेले, माय गेली, जिभाऊ गेले. मोघेसाहेब आहेत. खूप थकलेत, पुण्याला मुलाकडे असतात, प्रवास होत नाही, पण त्यांची मूठ कधी चुकली नाही. आता गहू माझा भाऊ मोजतो. सूप पुढ्यात घेतलं की आधी त्याचा मला फोन येतो.

"अक्का, मोघे साहेबनी मूठ टाकू ना?"

"टाक."

"खावाले?"

"मी येस."

माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मला माहेरचा रोट चालत नाही. पण साहेबांना यायला जमत नाही आणि रोट तर संपवायला हवा, म्हणून त्यांची सव्वा मूठ कुणीतरी खायला हवी. कानबाईच्या रविवारी मी धानोऱ्याला जाते, भाऊबंदांच्या पंक्तीत जिभाऊंच्या जागेशेजारी बसते आणि मोघेसाहेबांच्या नावाचा रोट पोटभर खाते.